घर एका कुनाला, पण माणूस कोठून आणायचा?

क्रोएशियाच्या उत्तर सीमेवरील लेग्राद या छोट्या पालिकेने २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्या हद्दीतील रिकामी घरे अवघ्या एका कुनाला विकावयास काढली, तेव्हा जगभरच्या वृत्तसंस्थांनी त्या बातमीकडे एक गंमत म्हणून पाहिले. एक कुना म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे बारा रुपये. एवढ्या पैशांत आज चहासुद्धा मिळण्याची शाश्वती नाही. तेथे घर मिळत होते. मात्र या गमतीच्या आड एका गावाच्या अस्तित्वाचा प्रश्न होता. लेग्रादमध्ये घरे स्वस्त झाली, कारण त्यांत राहावयास माणसे उरली नव्हती. माणसे का उरली नाहीत, याचे उत्तर मात्र घरांच्या किमतीत सापडत नाही. ते शोधण्यासाठी गेल्या चारशे-पाचशे वर्षांचा नकाशा उलगडावा लागतो.

लेग्राद हे कोप्रिवनित्सा-क्रिझेव्त्सी जिल्ह्यातील गाव. मुरा नदी जेथे द्रावा नदीला मिळते, त्या संगमाजवळ ते वसले आहे. पलीकडच्या तीरावर हंगेरी सुरू होते. लेग्राद, कुत्न्याक, आंतोलोवेत्स, माली ओतोक, वेलिकी ओतोक, सेल्नित्सा पोद्राव्स्का आणि झाब्लात्ये अशा सात वस्त्यांची मिळून ही पालिका बनली आहे. क्रोएशियात तिला 'ओपचिना' म्हणतात. आपल्याकडील गटग्रामपंचायतीहून तिचे अधिकार थोडे अधिक, पण जीव साधारण तेवढाच. २०११ च्या जनगणनेत या सातही वस्त्यांची लोकसंख्या २,२४१ भरली होती. सत्तर वर्षांपूर्वी येथे याच्या दुप्पट माणसे राहत होती, असे सरपंच इव्हान साबोलिच यांनी घरांची योजना जाहीर होताना सांगितले. एकेकाळी त्या परिसरातील लोकसंख्येने दुसऱ्या क्रमांकाचे हे गाव होते.

सीमेनेच मोठे केलेले गाव

लेग्रादच्या इतिहासातील विशेष हा की, ज्या सीमेने पुढे या गावाचा घात केला, त्याच सीमेने आधी त्याला मोठेपणही दिले होते. मेजीमुर्ये हा मुरा आणि द्रावा यांच्यामधला सुपीक दुआब. १५४६ मध्ये तो झ्रिन्स्की या सरदार घराण्याकडे आला आणि लेग्रादही त्यांच्या अमलाखाली गेले. १६०० मध्ये हंगेरीतील कानिझा किल्ला ऑटोमन तुर्कांनी घेतला. त्यानंतर लेग्राद हे हाब्सबर्ग साम्राज्याच्या अगदी आघाडीवरचे ठाणे झाले. निकोला झ्रिन्स्की याने १६६१ मध्ये संगमाजवळ 'नोवी झ्रिन' हा नवा किल्ला उभारला. तीनच वर्षांत, १६६४ च्या उन्हाळ्यात, तुर्की फौजांनी तो जिंकून उद्ध्वस्त केला. त्याच वर्षी व्हिएन्नाने तुर्कांशी तह केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निकोला शिकारीत मरण पावला. त्याचा भाऊ पेतार याला पुढे १६७१ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली देहदंड झाला. घराणे बुडाले, पण गाव टिकले. जेथे फौज असते तेथे बाजार असतो, कारागीर असतात, नदीवरची वाहतूक असते. लेग्रादला हे सारे लाभले होते.

नदीनेही या गावाशी एक विलक्षण खेळ केला. मुळात लेग्राद द्रावेच्या डाव्या तीरावर, म्हणजे मेजीमुर्येच्या बाजूस होते. अठराव्या शतकाच्या आरंभी द्रावेने आपले पात्र बदलले आणि हलल्यावाचून गाव उजव्या तीरावर आले! भूगोल बदलला तरी कारभार मात्र जुनाच राहिला. मेजीमुर्येप्रमाणेच लेग्रादही हंगेरीच्या झाला परगण्यात मोडत राहिले. क्रोएशियाच्या तत्कालीन विधानसभेने आपल्या मुलखात प्रोटेस्टंट पंथीयांना मज्जाव केला होता; परंतु हंगेरीच्या कारभाराखालील लेग्रादमध्ये ल्यूथरपंथीयांची वस्ती तग धरून राहिली. कॅथलिक क्रोएशियात ही गोष्ट दुर्मीळच म्हणावी लागेल. दोन राज्यव्यवस्थांच्या सांध्यावर असल्याने गावाला असा एक वेगळा चेहरा मिळाला.

येथील माणसे शेती करीत, मासे धरीत आणि द्रावेच्या वाळूतून सोन्याचे कण धुऊन काढीत. आल्प्समधून येणाऱ्या या नदीबरोबर थोडे सोनेही वाहत येई. वरच्या डोंगरांतले लाकूड तराफ्यांवरून याच पाण्याने खाली जाई. म्हणजे त्या काळी नदी हाच रस्ता होता, आणि लेग्राद त्या रस्त्यावर होते.

रेल्वे आली, ती बाजूने गेली

पहिला तडाखा बसला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तोही अगदी शांतपणे. आजच्या क्रोएशियाच्या भूमीवरील पहिला लोहमार्ग १८६० मध्ये कोतोरिबा-चाकोवेत्स या वाटेने, म्हणजे मेजीमुर्येतून गेला. दहा वर्षांनी, १८७० मध्ये, बुडापेस्टला झाग्रेबशी जोडणारा मार्ग कोप्रिवनित्सावरून आला. एक मार्ग गावाच्या वायव्येस, दुसरा आग्नेयेस. लेग्राद दोहोंच्या मध्ये कोरडेच राहिले. मालाची वाहतूक नदीवरून रुळांवर गेली, तसा बाजारही स्थानकांच्या गावी गेला. कोप्रिवनित्सा वाढू लागले. पुढे १९४७ मध्ये तेथे 'पोद्राव्का' या नावाने अन्नप्रक्रिया उद्योग उभा राहिला आणि त्याच्या 'व्हेगेता' मसाल्याने तर युरोपभर नाव मिळविले. लेग्रादच्या वाट्याला आले ते या शहराला कामगार पुरविणे.

दुसरा तडाखा मोठा होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले. १९२० च्या ट्रायनॉन तहाने हंगेरीची नवी सीमा ठरली. ज्या परगण्याशी लेग्रादचा शतकानुशतके व्यवहार होता, त्याची कचेरी, त्याचे बाजार आता परदेशात गेले. साबोलिच यांनीही गावाच्या घसरणीचा आरंभ याच घटनेपासून मोजला आहे: साम्राज्य मोडल्यावर आम्ही सीमेवरचे गाव झालो आणि तेव्हापासून माणसे कमीच होत गेली, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. १९४८ मध्ये टिटो आणि स्टॅलिन यांचे बिनसल्यावर हंगेरीने युगोस्लाव्हियाच्या दिशेने तटबंदी उभारली, तेव्हा ही सीमा आणखीच कडक झाली. १९६८ मध्ये युगोस्लाव्हियाने पश्चिम जर्मनीशी कामगार पाठविण्याचा करार केला आणि क्रोएशियाच्या खेड्यापाड्यांतील तरुणांना म्युनिक, स्टुटगार्टची वाट कायदेशीर रीतीने मोकळी झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लेग्राद युद्धाने वा दुष्काळाने एकाएकी ओस पडलेले नाही. तेथील शेती आजही हिरवीगार आहे, जंगल दाट आहे, पाणी मुबलक आहे. मुरा, द्रावा आणि डॅन्यूब या नद्यांचा हा पट्टा पाच देशांचे मिळून एक जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून युनेस्कोने २०२१ मध्ये मान्य केला. संगमाजवळचे 'वेलिकी पाझुत' हे पाणथळ अरण्य पक्ष्यांसाठी राखीव आहे. निसर्गाने गाव सोडले नाही. माणसांनी सोडले, कारण त्यांच्या उपजीविकेचे मार्ग दुसरीकडून जाऊ लागले.

एका देशाचे ओसरणे

लेग्रादची कहाणी एकट्याची असती, तर तिची दखल घेण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु संपूर्ण क्रोएशियाच आज या वाटेवर आहे. १९९१ मध्ये देशाची लोकसंख्या ४७ लाख ८४ हजार होती. २०११ मध्ये ती ४२ लाख ८५ हजारांवर आली आणि २०२१ मध्ये ३८ लाख ७२ हजारांवर. केवळ दहा वर्षांत चार लाखांहून अधिक माणसे, म्हणजे जवळजवळ दहा टक्के, कमी झाली. १९५३ मध्ये जेवढे लोक या भूमीवर राहत होते, त्यापेक्षाही आज कमी आहेत. लेग्राद ज्या जिल्ह्यात आहे, त्याची लोकसंख्या याच दशकात १ लाख १५ हजारांवरून १ लाख १ हजारावर घसरली. पूर्वेकडील वुकोव्हार-स्रियेम जिल्ह्याने तर पाचवा हिस्सा गमावला.

यामागे दोन कारणे एकाच वेळी काम करीत आहेत. मृत्यूंच्या मानाने जन्म कमी आहेत, हे पहिले. दुसरे म्हणजे २०१३ मध्ये क्रोएशिया युरोपीय संघात गेला आणि जाण्याचे दार उघडले. जर्मनीने २०१५ मध्ये, तर ऑस्ट्रियाने २०२० मध्ये क्रोएशियन कामगारांवरील निर्बंध उठविले. जी मुले आधी लेग्रादहून कोप्रिवनित्साला वा झाग्रेबला जात, ती थेट परदेशी जाऊ लागली. शहरात गेलेला माणूस सणावाराला, सुगीला गावी येतो. दूरदेशी स्थिरावलेला हळूहळू घराला कुलूप लावतो.

या ओसरणीत कारभाराचाही एक पेच आहे. युगोस्लाव्हियाच्या काळात क्रोएशियात पालिकांची संख्या शंभराच्या आसपास होती. स्वातंत्र्यानंतर, १९९२ च्या कायद्याने, त्यांची विभागणी झाली. आज देशात ४२८ ओपचिना आणि झाग्रेब धरून १२८ शहरे आहेत. कारभार लोकांच्या दारी नेणे हा हेतू स्तुत्य होता. पण पुढे दारातली माणसेच कमी झाली. सिव्ह्ल्याने या दक्षिणेकडील पालिकेत २०२१ मध्ये केवळ १७१ रहिवासी उरले होते. एवढ्या माणसांवर सरपंच, परिषद आणि कचेरी यांचा डोलारा कसा पेलणार? स्वेच्छेने एकत्र येणाऱ्या पालिकांना सरकार २०२२ पासून अनुदान देऊ करीत आहे. परंतु आपल्या गावाची पाटी खाली उतरविण्यास सहसा कोणी राजी होत नाही.

एका कुनाने काय साधले?

या पार्श्वभूमीवर लेग्रादची योजना पाहिली, तर ती बातम्यांत वाटली त्यापेक्षा अधिक विचारपूर्वक आखलेली होती. पालिकेने एकूण १९ रिकामी घरे आणि बांधकामाचे भूखंड विक्रीस काढले. २०२१ च्या जूनपर्यंत त्यांतील १७ विकले गेले होते. पैकी पाच एका कुनाला. घेणारा चाळिशीच्या आतला असावा, त्याची आर्थिक स्थिती बरी असावी आणि त्याने गावात किमान पंधरा वर्षे राहावे, अशा अटी होत्या. घरे मोडकळीस आलेली होती, म्हणून दुरुस्तीसाठी २५ हजार कुनांपर्यंत मदत देण्याचीही पालिकेची तयारी होती.

इटलीतील सांबुका या सिसिलीच्या गावाने २०१९ मध्ये एका युरोला घरे विकली, त्याच्याशी तुलना केली म्हणजे फरक कळतो. तेथे अट होती ती घर तीन वर्षांत दुरुस्त करण्याची. त्यामुळे सुट्टीपुरते येणारे परदेशी ग्राहकही चालणार होते, आणि ते आलेही. लेग्रादने दुरुस्तीपेक्षा वास्तव्याला महत्त्व दिले. सांबुकाला घरे वाचवायची होती; लेग्रादला वर्गात बसणारी मुले हवी होती. दोन हजारांच्या वस्तीत पाच तरुण कुटुंबे ही क्षुल्लक संख्या नव्हे.

तथापि या योजनेची मर्यादाही स्पष्ट आहे. तरुण दांपत्याला घर हवे असते, पण त्याआधी नोकरी हवी असते आणि नोकरीपर्यंत नेणारा रस्ता हवा असतो. लेग्रादच्या पीछेहाटीचे प्रमुख कारण दळणवळणाची गैरसोय हेच सांगितले जाते. रस्ते, बस, दवाखाना यांच्या किल्ल्या गावच्या कचेरीत नाहीत. त्या जिल्ह्यात आणि झाग्रेबमध्ये आहेत. घराबाबत परदेशांतूनही विचारणा झाली होती. मात्र कोणाला देशात राहू द्यायचे, हेही सरपंच ठरवीत नाही.

आणि नेमका येथेच सध्याच्या क्रोएशियातील सर्वांत मोठा विरोधाभास आहे. देशाने २०२४ मध्ये परदेशी कामगारांना दोन लाखांहून अधिक परवाने दिले. त्यांत बोस्नियाखालोखाल नेपाळचे नागरिक होते, आणि भारतीयांना दिलेले परवाने २० हजारांच्या घरात होते. म्हणजे माणसे येत आहेत. पण ती बांधकामांवर, हॉटेलांत आणि मालपोहोच करण्याच्या कामांवर येत आहेत. त्यांची मागणी किनारपट्टीवर आणि झाग्रेबमध्ये आहे. परवाना मुदतीचा असतो. त्यावर कोणी पंधरा वर्षांचे घर मांडत नाही. ज्या देशाला कामगार हवे आहेत आणि ज्या गावाला रहिवासी हवे आहेत, त्यांची गाठ अजून पडलेली नाही. २०२४ मध्ये सरकारने लोकसंख्या आणि स्थलांतर यांसाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापिले. ही गाठ घालून देणे हे त्याचे खरे काम आहे.

१ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेन क्षेत्रात आला आणि हंगेरीच्या सीमेवरील तपासणी संपली. त्याच दिवशी युरो हे देशाचे चलन झाले आणि ज्या कुनाने लेग्रादला जगाच्या नकाशावर आणले, तो इतिहासजमा झाला. शंभर वर्षांपूर्वी उभी राहिलेली भिंत पडली आहे. मात्र सीमा पुसली म्हणून शंभर वर्षांत तुटलेला व्यवहार आपोआप जुळत नाही. त्यासाठी दोन्ही तीरांना जोडणारे रस्ते, वाहतूक आणि पलीकडच्या हंगेरियन खेड्यांबरोबर मिळून चालविलेल्या सोयी लागतील. पलीकडची खेडीही ओसच पडत आहेत, हे विसरून चालणार नाही.

लेग्रादच्या प्रयोगाचा पहिला हिशेब २०३१ च्या जनगणनेत लागेल. दुसरा, अधिक खरा हिशेब २०३६ मध्ये, जेव्हा २०२१ च्या खरेदीदारांची पंधरा वर्षांची मुदत संपेल. अट उरणार नाही, तेव्हा किती कुटुंबे गावात राहतात, यावरून त्या एका कुनाचे मोल ठरेल. तोवर रस्ता आणि रोजगार गावापर्यंत पोहोचला, तर ती राहतील. नाही पोहोचला, तर पालिकेला तीच घरे पुन्हा विक्रीस काढावी लागतील.