बियाण्यातला दोष खताने जात नाही



कापसाचा भाव आणि कर्जाचा हिशेब बाजूला ठेवून आज आम्ही रक्तातल्या चरबीबद्दल लिहीत आहोत. कारण हाही घराच्या हिशेबाचाच प्रश्न आहे.

मागे कामानिमित्त नवी मुंबईला गेलो, तेव्हा तुर्भ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या आपल्याच भागातल्या एका पोराच्या खोलीवर उतरलो. वय ३६. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. खर्च सरकारी योजनेतून झाला, जीव वाचला, चांगलेच झाले. त्याचा बाप ४४व्या वर्षी बांधावरच गेला होता. काळजीने खाल्ला, असे गाव म्हणाले. पण "बाप कशाने गेला? भाऊ किती?" हे या पोराला कोणीच विचारले नव्हते. धाकटा भाऊ आज गावी कपाशीवर फवारतो आहे. त्याचे रक्त कोणी तपासलेले नाही.

कोलेस्टेरॉल म्हणजे शहरी सुखवस्तूंचा रोग, भाकरी खाऊन राबणाऱ्याला तो कशाला होईल, असा आपला समज. हा समज जीव घेतो. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, रक्तातून उचलून घेणारी दारे यकृतावर असतात. अमेरिकेतल्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी ती शोधली, १९८५ साली त्यांना नोबेल मिळाले. काही घराण्यांत ही दारे जन्मापासूनच कमी पडतात. मग माणूस काटक असो की लठ्ठ, एलडीएल वाढलेलेच राहते. बियाण्यातला दोष खताने जात नाही, तसा हा दोष नुसत्या पथ्याने जात नाही.

जगाचा हिशेब साधारण २५० माणसांमागे एक असा आहे. त्या मानाने अडीच हजार वस्तीच्या गावात दहा जण निघतील. आई किंवा बाप यांपैकी एकाला दोष असला तर प्रत्येक लेकराला तो येण्याची शक्यता निम्मी. म्हणून एक रोगी सापडला की त्याच्या घरची सगळी माणसे तपासली पाहिजेत.

औषध आहे. स्टॅटिनची गोळी रोज, बहुधा जन्मभर, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. गर्भारपणात मात्र ती सहसा देत नाहीत, म्हणून बायांनी आधीच डॉक्टरांशी बोलावे. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नये. कोलेस्टेरॉल दुखत नाही, एकदम मारते.

मग अडते कुठे? तिशीच्या पुढच्या माणसांसाठी आशाताईंच्या फॉर्मवर घरात हृदयरोग आहे का, हा प्रश्न आहे. पण कोणत्या वयात झाला, हे तो विचारत नाही. सत्तरीतला झटका आणि चाळिशीतला झटका तिथे सारखाच. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली सांगितले, की अठराव्या वर्षी एकदा कोलेस्टेरॉल तपासावे आणि घरात असा इतिहास असेल तर त्याआधीच. उपाशीपोटी येण्याचीही सक्ती नाही. झटक्यानंतर सरकार लाखाच्या घरात खर्च करते. झटक्याआधी एक प्रश्न आणि एक रक्ताची बाटली, एवढे का होत नाही?

जिल्हा बैठकीत आपण तीन मागण्या मांडू या.

१. आशाताईंच्या फॉर्मवर वयाचा रकाना वाढवा : पुरुषाला ५५च्या आत, बाईला ६०च्या आत हृदयरोग झाला का?
२. उत्तर हो असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातच रक्त घ्या. एलडीएल १९०च्या वर गेले तर थायरॉइड वगैरे दुसरी कारणे तपासून सख्ख्या नातेवाइकांना बोलवा.
३. स्टॅटिनची गोळी केंद्रात बारमाही ठेवा.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. तेव्हा ही भीक नाही, ठरलेले मागणे आहे.

तोवर आपले काम आपण करू. आज घरी गेल्यावर म्हातारीला विचारा : आजा, बाप, चुलता कोणत्या वयात, कशाने गेले? उत्तर वहीत लिहा आणि ती वही घेऊन दवाखान्यात जा. बियाणे निवडताना आपण वाण विचारतो. आपल्या लेकरांसाठीही विचारू.