चहाच्या कपातले विज्ञान

चहाला इंग्रजीत तीन अक्षरांचा शब्द आहे. त्याचे स्पेलिंग टी, ई, ए. ही तिन्ही अक्षरे ज्यात आहेत, मग ती कोणत्याही क्रमाने असोत, असे लांब इंग्रजी शब्द शोधा पाहू! प्रथम 'हीट' सुचेल, मग 'वॉटर'. थोडे थांबलात तर 'अर्थ' म्हणजे पृथ्वी आणि 'हार्ट' म्हणजे हृदय सापडेल. त्यानंतर मॅटर, मॅग्नेट, प्लॅनेट, बॅक्टेरिया, सॅटेलाइट, टेंपरेचर. विज्ञानाच्या पुस्तकाची अनुक्रमणिकाच जणू चहाच्या कपात सापडली!

असल्या खेळाला वर्गात जागा द्यावी का? 'आधी अभ्यासक्रम संपवा, मग भेंड्या लावा,' असे पुष्कळांचे म्हणणे असते. माझे मत वेगळे आहे. हा खेळ नीट खेळला तर तो विज्ञानाच्या तासालाच शोभणारा आहे. मात्र 'नीट' म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे.

छताकडे पाहत शब्द आठवणे ही पद्धत नव्हे. शोधाला दिशा हवी. इंग्रजीतील सर्व अक्षरे सारख्याच वेळा येत नाहीत. 'ई' सर्वांत अधिक येते, 'क्यू' फार क्वचित. म्हणूनच मोर्सच्या तारायंत्राच्या लिपीत 'ई'साठी केवळ एक टिंब आहे, तर 'क्यू'साठी चार खुणा लागतात. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने 1930 नंतरच्या दशकात 'स्क्रॅबल' हा खेळ रचला, तो वर्तमानपत्रातील अक्षरे मोजूनच. त्याच्या इंग्रजी संचातील 100 सोंगट्यांपैकी 12 'ई'च्या, आणि प्रत्येकीला गुण अवघा 1. 'क्यू'ची सोंगटी एकच, पण तिचे गुण 10!

यावरून नियम निघतो: दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करा. समजा क्यू, एन आणि टी ही अक्षरे दिली आहेत. 'क्यू' धरा. त्याच्यामागून बहुधा 'यू' येतेच. आता क्षेत्र किती लहान झाले! 'फ्रीक्वेन्सी' सुचेल, पण त्यात 'टी' नाही, म्हणून तो बाद. 'क्वांटिटी' चालेल, 'क्वांटम' चालेल, 'इक्वेशन'ही चालेल. या 'इक्वेशन'मध्ये तर ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर एकेकदा आले आहेत. तसेच ते 'एज्युकेशन'मध्ये आहेत आणि भाजीच्या 'कॉलिफ्लॉवर'मध्येही!

आता गणिताकडे वळू. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्या. ए म्हणजे 2, ई म्हणजे 3, टी म्हणजे 5, एच म्हणजे 7, आर म्हणजे 11, एस म्हणजे 13, एम म्हणजे 17. शब्दातील अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करा. चहाचा गुणाकार 30. 'हीट'चा 210. 210 ला 30 ने भागा, निःशेष भाग जातो आणि 7 उरतात, म्हणजे जास्तीचे अक्षर 'एच'. 'अर्थ'चा गुणाकार 2310, आणि 'हार्ट'चाही 2310, कारण पृथ्वी आणि हृदय ही दोन्ही त्याच पाच अक्षरांची बनली आहेत. 'स्टार'चा गुणाकार 1430. त्याच्या अंकांची बेरीज 8, म्हणून त्याला 3 ने भाग जात नाही. 'स्टार'मध्ये 'ई' नाही, हे न पाहताच कळले! 'मॅटर'मध्ये 'टी' दोनदा येते. त्याचा गुणाकार 28050, आणि 30 ने भागल्यावर 935, म्हणजे 5 गुणिले 11 गुणिले 17. उरलेली अक्षरे टी, आर आणि एम.

ही युक्ती कधीही फसत नाही. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हे गाउस या जर्मन गणितज्ञाने 1801 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध केले. वहीत रुक्ष वाटणारा तो सिद्धान्त इथे शब्दांचा पहारेकरी झाला आहे.

कोणी म्हणेल, आज हे काम यंत्र क्षणात करते, मग एवढी आटाआटी कशाला? यंत्र यादी देईल, हे खरे. पण अर्थ ठाऊक नसलेल्या दोनशे शब्दांची यादी हाती घेऊन तुम्ही काय करणार? आणि यंत्राला ती कशी करायची हे कोणी तरी सांगावेच लागते. ते सांगणारे तुमच्यापैकी कोणी असावे, असे मला वाटते.

यापेक्षाही एक मोठे कारण आहे. मराठीतून शिकून अकरावीला विज्ञान घेऊ इच्छिणारी हुशार मुले पुष्कळदा विषयाला नव्हे, तर लांबलचक इंग्रजी संज्ञांना भितात. ज्या शब्दाची अक्षरे आपण सुटी केली, मोजली, पुन्हा जुळवली, त्याची भीती राहत नाही. पाठ केलेले स्पेलिंग विसरते, शोधून काढलेले सहसा विसरत नाही.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे. आठवड्यातून दहा मिनिटे या खेळाला द्या, पण तीन अटी घाला. शब्द सांगणाऱ्याने त्याचा अर्थ सांगितला पाहिजे. तो कसा शोधला, हेही सांगितले पाहिजे. आणि शब्द मिळाला नाही तर 'नाही' न म्हणता 'या शब्दकोशात, या पानापर्यंत मला सापडला नाही' असे म्हटले पाहिजे. न सापडणे आणि नसणे यांतला फरक ज्याला कळला, त्याने विज्ञानाची एक पायरी चढली. शब्द जितका लांब तितके गुण अधिक, असे मात्र करू नका. अर्थ न कळता फेकलेल्या लांब शब्दाने भाषा येत नाही आणि विज्ञानही येत नाही.

जाता जाता एक काम. एच, ई, ए, आर ही चार अक्षरे घ्या. ऐकण्यासाठी इंग्रजीत याच अक्षरांचा शब्द आहे. ती चारही ज्यात आहेत असा एक आठ अक्षरी शब्द शोधा. त्याचा मराठी अर्थ सांगून ठेवतो: 'संशोधन'.