दातेरी कागद

इंग्रजीच्या तासाला 'इंडेंचर' हा शब्द आला. सरांनी अर्थ सांगितला, करारपत्र. वहीत उतरवून मोकळा झालो असतो, पण ग्रंथालयातल्या मोठ्या कोशाने अडवले. शब्दाचे मूळ लॅटिन 'डेन्स', म्हणजे दात. आपला 'दात'ही त्याच घराण्यातला! मध्ययुगीन इंग्लंडात एकाच चर्मपत्रावर करार दोनदा लिहीत, मधून दातेरी कापीत आणि दोन्ही पक्षांना एकेक तुकडा देत. वाद निघाला की दाते जुळवून बघायचे. म्हणजे कागद दोघांकडेही असणे, हाच या शब्दाचा प्राण.

पुढे तो मळ्यांवरच्या मजुरांना चिकटला. १८३४ पासून मॉरिशसला, १८७९ पासून फिजीला आपली माणसे अशा करारावर गेली. मॉरिशसला गेलेल्यांत मुंबई बंदरातून चढलेले मराठीही होते. फिजीत करार पाच वर्षांचा. 'ॲग्रीमेंट'चे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. अंगठा त्यांचा, भाषा मालकाची. १९१७ साली हिंदुस्थानातून ही भरती थांबली.

माझे वडील ऊसतोडीला जातात. उचल घेताना मुकादमाच्या कागदावर अंगठा उठवतात. त्या कागदाचा दुसरा तुकडा आमच्या घरात कधीच आला नाही. मग त्याला करारपत्र तरी का म्हणावे? माझ्या मते ती नुसती पावती, तीही मुकादमाच्या खिशातली.

यंदा मी सोबत गेलो आणि प्रत मागितली. "लई शिकलास रं!" म्हणून मुकादम हसला. वडिलांनी डोळ्यांनीच मला गप्प केले. पुढच्या हंगामालाही मी मागणार आहे.