शिवणीत माया ठेवा

लग्नसराईत ब्लाउज शिवायला टाकायला जावं, तर गल्लीतला शिंपी वहीवरून मान वर न करता सांगतो, ‘पंधरा दिवसांनी या.’ बाकीच्यांचा जीव टांगणीला लागतो. मला मात्र आनंद होतो. मापाचा कपडा शिवून घेणारी माणसं अजून आहेत, त्याचा तो पुरावा. साडी आहे तोवर ब्लाउज आहे, आणि ब्लाउज आहे तोवर हा शिंपी.

हा ब्लाउज एकदा उलटा करून पाहा. बाहीपासून कमरेपर्यंत, टिपेच्या बाहेर चांगलं इंचभर कापड सोडलेलं असतं. ही माया. चांगला कारागीर तिथे एकच टीप मारून थांबत नाही. पाव-पाव इंचावर आणखी दोन समांतर टिपा मारून ठेवतो. अंग भरलं की सर्वांत आतली टीप उसवायची. एका बाजूला अर्धा इंच मिळतो, दोन्ही बाजूंचा मिळून पूर्ण इंच. दहा मिनिटांचं काम, आणि ब्लाउज पुन्हा अंगाला बसतो.

आमच्या लहानपणी परकरांनाही अशीच सोय असे. आई घेराला खाली दोन टका घालायची आणि उंची वाढली की एकेक उसवायची. उसवलेल्या जागी कापडाचा मूळ गडद रंग पट्ट्यासारखा दिसे, म्हणून त्यावर ती लेस लावायची. कपडा शिवतानाच पुढची चार वर्षं तिच्या डोळ्यांसमोर असत. शिवणकामाचं माझं वेड तिथून सुरू झालं आणि आजही दुकानात कपडा हातात आला की मी आधी त्याची आतली बाजू बघते.

तिथेच मन खट्टू होतं. तयार शर्टाच्या शिवणीत बोटभरही कापड नसतं. ओव्हरलॉक मशिन कडेचं कापड सुरीने छाटत जातं आणि त्याच दमात कड बांधतं. कारखान्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचा, त्यामुळे हजारो शर्टांमागे अर्धा-अर्धा इंच वाचवणं त्यांना परवडतं. आपल्याला ते महागात पडतं. पोट थोडं सुटलं की तो शर्ट बाद. सैल करायला त्यात काही ठेवलेलंच नसतं.

यंत्राशी माझं भांडण नाही. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली सिंगरच्या शिलाई मशिनला अपवाद मानलं होतं. माझं भांडण घाईशी आहे. ‘रेडिमेड’ म्हणजे यंत्रातून आपोआप बाहेर पडलेला कपडा, असा आपला समज असतो. पण कॉलर आजही कुणीतरी मशिनवर बसून, बोटांनी कापड सरकवतच लावतं. ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा ही इमारत 24 एप्रिल 2013 रोजी कोसळली, तेव्हा अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यांत कपडे शिवणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या. इमारतीला तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. कॉलर नीट बसवायला किती वेळ लागतो हे ज्याने एकदा स्वतः अनुभवलंय, त्याला तीनशे रुपयांचा शर्ट पाहून प्रश्न पडायलाच हवा.

म्हणून शाळेत शिवण हवी, आणि ती मुलग्यांनाही हवी. फॅशन डिझायनिंग राहू दे. माप घेणं, उसवणं, हेम घालणं, बटण लावणं एवढं सातवीपर्यंत प्रत्येकाला यायला काय हरकत आहे?

तोवर एवढं करा. कुडता शिवायला टाकताना कापड आधी पाण्यातून काढून वाळवा. बाजूंना इंचभर माया ठेवायला सांगा. पँट असेल तर मागच्या शिवणीत दीड इंच आणि पायाला खाली दोन इंचांची दुमड. उरलेलं कापड आठवणीने परत मागून घ्या, कोपराला किंवा खिशाला ठिगळ लावायची वेळ आली तर त्याच रंगाचं दुसरं मिळत नाही.