वरळीचा निकाल आपल्या ठाण्यापर्यंत पोचला का?

वरळीच्या मोटार अपघाताची गोष्ट शेतीवाडीच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मुंबईची भानगड मुंबईला. पण ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणातून जो निकाल दिला, त्याचा संबंध मुंबईच्या मोटारवाल्यांपेक्षा तालुक्याच्या ठाण्यात रात्रभर बाकड्यावर बसवून ठेवलेल्या माणसाशी जास्त आहे. अटक करताना पोलिसांनी माणसाच्या हातात काय द्यायचे, केव्हा द्यायचे आणि कोणत्या भाषेत द्यायचे, हे या निकालाने ठरवून टाकले आहे.

आधी प्रकरण थोडक्यात. ७ जुलै २०२४, रविवारची पहाट. वरळी कोळीवाड्यातले मासळी विकणारे नवरा-बायको ससून डॉकवरून माल घेऊन स्कूटरवर घरी निघाले होते. ॲनी बेझंट रोडवर मागून आलेल्या बी.एम.डब्ल्यू. मोटारीने त्यांना उडवले. नवरा बाजूला फेकला गेला, बाई मोटारीखाली अडकली आणि तशीच लांबवर फरफटत गेली. ती वाचली नाही. मोटार पालघरच्या एका राजकीय पुढाऱ्याचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. वडिलांना आणि ड्रायव्हरला त्याच दिवशी अटक झाली, वडील दुसऱ्या दिवशी जामिनावर बाहेर आले. मुलगा मात्र दोन दिवस सापडत नव्हता. ९ जुलैला तो हाती लागला. कोळीवाड्यात तेव्हा जो संताप होता तो अगदी रास्त होता. पहाटे उठून पोटासाठी बाजार गाठणाऱ्या कोणत्याही घरात तो झाला असता.

या मुलाने पुढे उच्च न्यायालयात अर्ज केला की, मला अटकेची कारणे लेखी दिली नाहीत, म्हणून माझी अटकच बेकायदा. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्ज फेटाळला. आपल्याला कशासाठी धरले हे त्याला पुरते ठाऊक होते, तो स्वतःच पोलिसांना चुकवत होता, मग कागदाची सबब कशाला, असा त्या निकालाचा रोख. गावच्या पारावर बसलेल्या माणसालाही हेच पटेल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हाचे सरन्यायाधीश, आपल्या अमरावतीचे भूषण गवई, आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने ‘मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने निकाल दिला. ज्यांना पुढे कधी वकिलाला सांगायची वेळ येईल त्यांनी हे नाव लिहून ठेवावे.

निकाल असा आहे. गुन्हा कोणताही असो, कायदा कोणताही असो, अटक केलेल्या माणसाला अटकेची कारणे लेखी दिलीच पाहिजेत, आणि तीही त्याला समजणाऱ्या भाषेत. पोलिसांच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडला, लगेच हात घालावा लागला, तर त्या क्षणी तोंडी सांगितले तरी चालेल. पण नंतर वाजवी वेळात कागद द्यायचा, आणि काही झाले तरी रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी तो आरोपीच्या हातात असला पाहिजे. नाही दिला तर अटक बेकायदा, त्यावर मिळालेला रिमांडही बेकायदा, आणि माणूस सुटण्यास पात्र.

हे दोन तास कशासाठी, ते नीट समजून घ्या. रिमांडच्या दिवशी तालुका कोर्टात काय चालते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. आरोपीला व्हॅनमधून उतरवतात, बोर्डावर नंबर येतो, सरकारी बाजू चार वाक्ये बोलते, ‘तपास बाकी आहे, पाच दिवसांची कोठडी द्यावी’. आरोपीला विचारतात, काही तक्रार? तो म्हणतो, नाही साहेब. संपले. त्याला वकील असला तर तो वकील आरोपीचे तोंड त्या कोर्टाच्या व्हरांड्यातच पहिल्यांदा पाहतो. हातात कागद असेल, तो दोन तास आधी वाचलेला असेल, तर वकील विचारू शकतो की, साहेब, चोरी मंगळवारी झाली म्हणता, हा माणूस मंगळवारी कारखान्याच्या तोडीवर होता, मुकादमाला बोलवा. कागद नसेल तर बोलायचे कशावर?

आता काही वाचक म्हणतील, ज्याने बाई चिरडली त्यालाही कागद द्यायचा? तिच्या घरच्यांना कुणी कागद दिला? प्रश्न खरा आहे, टाळता येण्याजोगा नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. या निकालाने तो मुलगा मोकळा सुटला नाही. हा दंडक यापुढच्या अटकांना लागू, असे न्यायालयाने सांगितले. नंतर डिसेंबर २०२५ मध्ये तो जामिनासाठी पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने जामीन दिला नाही. दुसरी गोष्ट, पोलिसांनी अटकेच्या दिवशीच एक पानभर मजकूर लिहून सही घेतली असती, तर उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय मिळून सव्वा वर्ष या मुद्द्यावर वाद चाललाच नसता. पैसेवाला आरोपी पहिल्या दिवसापासून मोठा वकील उभा करतो आणि तो वकील पोलिसांच्या कागदातले भोक शोधतो. भोक ठेवले तर फायदा त्याचा. म्हणून कागद चोख असावा, ही मागणी फिर्यादीच्या घरानेही करायला हवी.

आणि ज्यांच्याकडे वकील नाही त्यांचे काय होते, हे पाहायला मुंबईला जायची गरज नाही. जून २००३ मध्ये पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले, बायकांवर अत्याचार झाले. फार भयंकर गुन्हा. पोलिसांनी भटक्या जमातीचे सहा जण धरले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण एप्रिल २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. देशातले सगळ्यात मोठे न्यायालय, तिथे शिक्कामोर्तब झाले. गावोगाव लोक म्हणाले असतील, बरे झाले.

दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल फिरवला आणि सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंच्या आल्बममधून दुसरीच चार माणसे ओळखली होती. त्या चौघांचा तपास झालाच नाही. सहा जणांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, आणि हे ठरायला फाशी कायम झाल्यानंतरची वर्षे जावी लागली. भटके, गरीब, मोलमजुरी करणारे, म्हणून त्यांना गोवले गेले, याकडे न्यायालयाने बोट दाखवले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई सरकारने द्यावी असा हुकूम केला. सुमारे सोळा वर्षे गेली. एवढ्या काळात घरची पोरे मोठी होऊन त्यांची लग्ने होतात. आणि ज्या घरातले पाच जण गेले, त्यांचे खरे मारेकरी कोण, ते राहिलेच. लेखी कारणांचा कागद आणि पहिल्या दिवशी वकील एवढ्याने हे सगळे टळले असते, असे छातीठोकपणे कुणी म्हणणार नाही. पण ‘तुम्हाला नेमके कशावरून धरले’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात कोर्टापुढे कागदावर आला असता, एवढे नक्की.

पारध्याच्या पालावर रात्री जीप येते तेव्हा ‘कशावरून’ हा प्रश्न विचारायची सोय नसते. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने कित्येक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, सवय राहिली. परिसरात चोरी झाली की अमुक वस्तीवरची पोरे उचलायची, यात कुणाला काही वावगे वाटत नाही, आपल्यालाही नाही. हे आपल्यापुरते कबूल करायला हरकत नाही.

हक्क मुळात नवा नाही. राज्यघटनेच्या २२ व्या कलमात तो पहिल्यापासून आहे. अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगायची, पसंतीचा वकील भेटू द्यायचा, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे कलम १५-अ म्हणून घटना समितीत मुद्दाम वेगळे आणले, कारण जीवित आणि स्वातंत्र्याचे कलम कायदे करणाऱ्यांच्या मर्जीवर सोडल्याची टीका झाली होती. भाषेचा मुद्दाही आपल्याच राज्यातून गेला आहे. १९६२ मध्ये नागपूरच्या हरिकिसन या माणसाच्या प्रकरणात सरकारने स्थानबद्धतेची कारणे इंग्रजीत दिली होती. त्याने हिंदीत मागितली, सरकार म्हणाले इंग्रजी ही कारभाराची भाषा आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. जे वाचता येत नाही ते कळवले असे कसे म्हणायचे? मेळघाटातल्या कोरकू माणसाला, नंदुरबारच्या भिलाला, गडचिरोलीच्या माडियाला हाच प्रश्न आजही मराठी कागदाबाबत पडू शकतो, आणि पोलिसांनी त्याचा आत्तापासून विचार करावा.

एका ठिकाणी मात्र लोक फसतात. अटक झाली की ठाण्यात छापील फॉर्मवर सही किंवा अंगठा घेतात. त्यात नाव, गाव, वेळ, साक्षीदार असतो. घरचा माणूस किंवा गावातला प्रतिष्ठित साक्षीला लागतो, १९९६ च्या डी. के. बसू निकालापासूनचा हा नियम आता कायद्यात आला आहे. तो फॉर्म आवश्यक, पण तो अटकेच्या कारणांचा कागद नव्हे. ‘पुढील गुन्हा करू नये म्हणून’, ‘पुरावा नष्ट करू नये म्हणून’ अशा छापील ओळी कुणालाही लागू पडतात. कारणांच्या कागदात त्या माणसाविरुद्ध काय आहे ते हवे. कोणती घटना, कोणता दिवस, त्यात त्याचा हात कसा. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रबीर पुरकायस्थ यांच्या प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आहे.

दुसरी फसगत ‘चौकशीला’ या शब्दात आहे. ‘अटक कुठं केलीय, नुसतं चौकशीला बसवलंय’ असे ठाण्यात सांगतात आणि घरचे दोन दिवस बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहतात. ज्याला उठून घरी जाता येत नाही तो ताब्यातच आहे. त्यामुळे कोणत्या दिवशी किती वाजता नेले, कोणत्या गाडीने, सोबत कोण होते, हे लगेच वहीच्या पानावर टिपून पोलीसपाटलाला दाखवावे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत आधी हजर राहण्याची लेखी नोटीस देण्याची तरतूद आहे. ती नोटीस आली तर टाळू नये, जावे. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस आणि मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी लागते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही, हे तर इंग्रजांच्या काळापासून आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. वरळीचा अपघात त्यानंतर सहाव्या दिवशीचा. कलमांचे आकडे बदलले, हे हक्क तसेच आहेत.

वकिलाला पैसे नाहीत ही सबबही चालण्यासारखी नाही. कोठडीतला माणूस मोफत वकिलाला पात्र आहे, मग त्याची जात, जमीन कितीही असो. तालुका कोर्टातच विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर त्यासाठीच आहे. समितीचा वकील नवशिका निघतो, उशिरा येतो, ही तक्रार खोटी नाही. तरी पहिल्या रिमांडला कुणीच नसण्यापेक्षा तो असलेला बरा.

या निकालाला सुटकेची किल्ली समजू नये, हेही सांगितले पाहिजे. कागद दिला नाही म्हणून माणूस सुटला, तरी पोलीस नंतर लेखी कारणे देऊन पुन्हा कोठडी मागू शकतात आणि मॅजिस्ट्रेटने शक्यतो आठवड्यात त्यावर निर्णय द्यायचा आहे. स्थानबद्धतेच्या कायद्यांना घटनेतच वेगळे नियम आहेत, तिथे चोवीस तासांचे कलम लागत नाही. शिवाय दोन तासांचा नियम पाळला गेला की नाही, हे मॅजिस्ट्रेटने विचारले तरच कळणार. बोर्डावर चाळीस प्रकरणे असताना ते विचारले जाईल का?

निकालाची प्रत सर्व राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवायला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. मंत्रालयातून अधीक्षक कार्यालय, तिथून ठाणे, असा तिचा रस्ता. ती आपल्या ठाण्यात आली आहे का, आणि कारणांचा कागद मराठीत लिहायला अंमलदारांना कुणी शिकवले आहे का, हे पंचायत समितीच्या सभासदांनी आणि पत्रकारांनी ठाणेदारांना विचारायला हवे. अटक झालेल्यांची नावे आणि पत्ते ठाण्यात ठळकपणे लावण्याची तरतूद याच नव्या संहितेच्या ३७ व्या कलमात आहे. येत्या बाजारच्या दिवशी ठाण्यावरून जाल तेव्हा तो फलक लावला आहे का, आणि लावला असेल तर त्यावरची शेवटची तारीख कोणती, तेवढे पाहून या.