मासा वाचवा, मच्छीमारही वाचवा

आपल्या सुरमईचा एक जातभाई अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मिळतो. तिकडे त्याला स्पॅनिश मॅकरेल म्हणतात. हा मासा हिवाळ्यात झुंडीने फ्लोरिडाच्या उबदार पाण्यात येतो आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे जातो. तो किनाऱ्यालगतच सापडत असल्याने त्यावर दोघांचा डोळा असतो: पोटासाठी जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराचा आणि सुटीत गळ घेऊन येणाऱ्या हौशी माणसाचा.

१९८०च्या दशकात बेसुमार पकडीमुळे हा मासा घटला होता. त्यात जाळ्यांचा वाटा मोठा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. म्हणूनच पकडीवर मर्यादा घालण्यात आल्या आणि मासळी सावरू लागली. परंतु हौशी मासेमारांच्या संघटनांना तेवढ्याने समाधान नव्हते. त्यांच्या प्रचारानंतर नोव्हेंबर १९९४ मध्ये फ्लोरिडात राज्यघटना दुरुस्तीसाठी मतदान झाले. सुमारे ७२ टक्के मते बंदीच्या बाजूने पडली. १ जुलै १९९५ पासून राज्याच्या हद्दीतील समुद्रात कल्ल्यात मासा अडकवणारी जाळी बंद झाली. गळाला मात्र या दुरुस्तीने हात लावला नाही.

सरकारने जुनी जाळी विकत घेण्याची योजना आणली. पण जाळ्याची किंमत म्हणजे धंद्याची किंमत नव्हे. कित्येकांनी समुद्र सोडला. काहींनी हाताने फेकायचा पाग उचलला आणि त्यावर हाच मासा धरून धंदा पुन्हा उभा केला.

मासळी राखलीच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ठेवणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना ते कोणी शिकवावे लागले नाही. प्रश्न आहे तो निर्णय कोणी घ्यायचा आणि त्याचा भार कोणी वाहायचा, हा. लाखोंच्या मतदानात मूठभर मच्छीमारांचा आवाज बुडणारच होता.

रेल्वे आणि टपाल कामगारांना हे वेगळे सांगायला नको. आपल्यासाठी १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. ती अपुरी असेल, पण बोलायला निदान एक टेबल आहे. किनाऱ्यावर राबणाऱ्याला तेही नसते. उद्या आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांचे नियम बदलतील, तेव्हा मच्छीमार त्या टेबलाशी बसलेला असला पाहिजे. ही मागणी एकट्या मच्छीमाराची नाही. ती आपलीही आहे.