वाढले ते रान की बाग?

मराठीच्या मास्तराने रानात शिरू नये, असा काही कायदा नाही. वर्गात आम्ही वन, अरण्य, रान, जंगल हे शब्द एका ओळीत फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. पण हल्ली आकाशातून रानाची मोजदाद होते. ती कशी होते हे पाहावे, म्हणजे एकेका शब्दाची किंमत कळते!

हिरवे पान उन्हातला तांबडा प्रकाश बराचसा पिऊन टाकते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परतवून लावते. उपग्रह ही देवघेव टिपतो. मग संगणकाला नमुने दाखवायचे: हे रान, हे शेत, हे पाणी. पुष्कळ नमुने पाहिले, की तो अनोळखी जागेलाही नाव देऊ लागतो. या कामातली एक लाडकी रीत लिओ ब्रायमन या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने २००१ साली मांडली. संगणक शेकडो ‘निर्णयवृक्ष’ उभे करतो, प्रत्येक वृक्ष आपले मत देतो आणि बहुमताने निकाल लागतो. या रीतीचे नावच मुळी ‘रँडम फॉरेस्ट’. रान ओळखायला रानच हवे!

२०१३ साली मॅथ्यू हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच निर्णयवृक्षांच्या साह्याने साऱ्या पृथ्वीचा हिशेब मांडला. २००० ते २०१२ या काळात सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षराजी गेली आणि ८ लाख नव्याने आली. पायी हिंडून हा हिशेब कुणाला जमला असता?

मात्र ‘रान’ म्हणजे काय, हे यंत्राला माणसानेच सांगावे लागते. आपली भारतीय वन सर्वेक्षण संस्थाही उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करते. तिच्या व्याख्येप्रमाणे निदान एक हेक्टर जागेवर झाडांच्या माथ्यांचे छत्र १० टक्क्यांहून अधिक असले, की ते वनाच्छादन. मग मालक कोणी असो, झाडे कसलीही असोत. २०२३ च्या अहवालात हा आकडा ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या २१.७६ टक्के आहे. या व्याख्येत लबाडी काही नाही. अहवालात ती छापलेलीच असते. पण मथळा वाचणारा व्याख्या कशाला वाचतो?

या व्याख्येत कोकणातली हापूसची दाट बागसुद्धा बसते. उलट सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी राखलेले उघडे गवताळ माळ बसत नाही. उद्या कोणी हौसेने त्या माळावर झाडे लावलीच, तर कागदावर वन वाढेल आणि मोकळ्या माळावर राहणाऱ्या त्या पक्ष्याचे घर तेवढे मोडेल.

आपल्या भाषेत रान निराळे, राई निराळी, बाग निराळी आणि माळही निराळा. शिकवणाऱ्याने हे चारही शब्द पुढे ठेवले, तर यंत्र त्यांतले भेद शिकण्याचा प्रयत्न करील. एकच ठेवला, तर बिचारे एकच शिकेल. तेव्हा वाचकहो, ‘देशातील वने वाढली’ असा मथळा दिसला, तर आनंद जरूर माना. पण चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वी एवढे विचारा, की वाढले ते रान की बाग?